तांबड्या खडकावरची बग्गी

ग्रँड जंक्शन हे गाव नकाशात शोधावयाचे झाल्यास अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम कडेला, यूटा राज्याच्या सीमेकडे पाहावे. कोलोरॅडो आणि गनिसन या दोन नद्यांचा येथे संगम होतो. आपल्याकडे संगम म्हटला की घाट, देऊळ आणि एखादा जुना पिंपळ ओघानेच आला. येथे संगमाजवळ रेल्वेचे रूळ आहेत. कोलोरॅडोच्या या वरच्या प्रवाहाला १९२१ सालापर्यंत ‘ग्रँड’ म्हणत असत व तिच्यावरूनच गावाचे नाव पडले. पुढे नदीचे नाव बदलले, गावाचे बदलावयाचे राहून गेले. गावाभोवती कोरडे, राखी रंगाचे कडे आहेत आणि कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे पीचच्या बागा. सोलापूर किंवा बिकानेरकडचा मनुष्य येथे आला तर त्याला फारसे परके वाटू नये, असा हा प्रदेश आहे.

माझी कन्या व जावई तेथे असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर मी त्यांच्याकडे गेलो तो चार महिने राहण्याच्या तयारीने. बसगाड्यांच्या कार्यशाळेत तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाला रिकामपण फार जाचते. दुपारी घरात कोणी नसे, नातू शाळेत. मी खिडकीशी बसून शेजारच्या घराकडे पाहत असे आणि तेथून रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लोखंड कापल्याचा आवाज येत असे. तो आवाज मला दूरच्या नातेवाइकाच्या हाकेसारखा वाटला, असे म्हटले तर वाचक हसतील. पण तो खरोखर तसा वाटला. चौथ्या दिवशी मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो.

शेजारी पन्नाशीचे गृहस्थ. शाळेच्या बसगाड्यांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय, म्हणजे माझेच भाऊबंद. पहिल्या नावाने हाक मारण्याची तिकडची रीत मला शेवटपर्यंत अंगवळणी पडली नाही, म्हणून मी त्यांना ‘शेजारी’ म्हणू लागलो आणि तो शब्द त्यांनी आनंदाने स्वीकारला. त्यांची सोळा वर्षांची मुलगी माझ्या नातवाचे ऐकून मला ‘आजोबा’ म्हणे. त्यांच्या घराला जोडून दोन मोटारी मावतील असे गॅरेज होते. परंतु घरच्या दोन्ही मोटारी बाहेर उन्हात उभ्या होत्या आणि आत, चार लोखंडी घोड्यांवर, नळ्यांचा एक सांगाडा ठेवला होता. भिंतीवर पाने आकारमानाच्या क्रमाने टांगलेले, कोपऱ्यात नळी वाकविण्याचे हातयंत्र, टेबलावर पाणसळ, गुण्या आणि कानशी. मी विचारले, “हे काय?” ते म्हणाले, “बग्गी.”

बग्गी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम घोडा येतो. ही बग्गी निराळी. हिला छत नाही, दारे नाहीत, काचा नाहीत. पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यात दोन आसने, मागेपुढे दणकट ॲक्सल आणि माणसाच्या कमरेपर्यंत येतील अशी चार चाके. हिचे काम एकच: जेथे रस्ता नाही, पायवाटही नाही, केवळ शिळांचा ढीग आहे, तेथून सरपटत वर जाणे. या खेळाला तिकडे ‘रॉक क्रॉलिंग’ म्हणतात. बहुतेक मोटारींचे खेळ वेगाचे असतात. या खेळात सावकाशीला मान आहे. अशा गाड्या तयार विकतही मिळतात, परंतु त्यांची किंमत शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या आवाक्यातली नसते. आणि खरे सांगावयाचे तर, ज्यांना हा नाद आहे त्यांना विकत घेण्यात गोडीही वाटत नाही.

या नादाचे मूळ शोधू गेल्यास ते दुसऱ्या महायुद्धातील जीपपाशी जाते. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या. आपल्या देशातही ही कथा अपरिचित नाही. पंजाब आणि हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपगाड्या नव्याने बांधून देण्याबद्दल दूरवर ठाऊक आहे. अमेरिकेच्या पश्चिमेत मात्र जीपला एक निराळेच काम मिळाले. १९५० नंतरच्या दशकात सरकारला युरेनियम हवे होते आणि ते यूटाच्या वाळूखडकात होते. ते हुडकण्यासाठी निघालेल्या लोकांनी कड्यांवर, दऱ्यांत, मिळेल तेथून जीप आणि बुलडोझर घातले. युरेनियमची लाट ओसरली, वाटा राहिल्या. १९६७ साली मोआब या छोट्या गावच्या व्यापारी मंडळाने त्याच वाटांवरून ईस्टरच्या सुमारास जीपगाड्यांची सहल काढली. ती आजही दरवर्षी निघते आणि पाच हजार वस्तीचे ते गाव त्या आठवड्यात गजबजून जाते. जसजसे लोक अधिक कठीण खडकांकडे वळले, तसतशी जीप अपुरी पडू लागली. कोणी तिचे मागचे अंग कापले, कोणी पुढचे. शेवटी जीपचे काहीच उरले नाही आणि नळ्यांची बग्गी जन्मास आली.

शेजारी ही बग्गी मोआबसाठीच बांधीत होते. मोआब तेथून सुमारे १८० किलोमीटर. आणि गंमत अशी की, गॅरेजमध्ये मी जे जे माप विचारीत असे, त्याचे उत्तर ते त्या १८० किलोमीटर पलीकडच्या खडकाचा हवाला देऊन देत. चाकांचा व्यास ३७ इंच का? कारण तेथील पायऱ्या मांडीइतक्या उंच आहेत. पोटाखालचा पत्रा सपाट आणि गुळगुळीत का? कारण गाडी कधीतरी पोटावर टेकणारच, आणि टेकली तर अडकू नये, घसरावी.

इंजिन एका जुन्या जीप चेरोकीचे, चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे, भंगारखान्यातून आणलेले. दोन्ही ॲक्सल एका मालवाहू पिकअपचे. आमच्या बसगाड्या पावसाळ्यात चिखलात रुतत तेव्हाचा अनुभव मला आठवला: एक चाक अधांतरी गरगर फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक ढिम्म हलत नाही, कारण डिफरन्शियल सगळी हालचाल मोकळ्या चाकाकडे जाऊ देते. खडकावर तर एखादे चाक सदैव हवेतच असते. म्हणून येथे डिफरन्शियलला कुलूप घालतात. दोन्ही चाके एकत्रच फिरतात, मग एक हवेत असले तरी बिघडत नाही. रस्त्यावर अशी गाडी वळताना टायर घासते आणि कुरकुरते. परंतु ही गाडी रस्त्यावर जाणारच नव्हती. ती ट्रेलरवर बसून जाणार होती. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “उत्तम कायदा आहे. हिला हमरस्त्यावर मीही जाऊ देणार नाही.”

गणिताची आवड असणाऱ्या वाचकांसाठी एक हिशेब देतो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे तीनास एक. चारही चाकांकडे शक्ती वाटणाऱ्या दुसऱ्या पेटीत चारास एक. ॲक्सलमध्ये पाचास एक. तिन्हींचा गुणाकार साठ. म्हणजे इंजिनाचे साठ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी स्वस्थ चालत असता चाक मिनिटाला जेमतेम तेरा वेळा फिरते आणि गाडी ताशी अडीच किलोमीटरांहूनही कमी वेगाने पुढे सरकते. मनुष्य सहज चालतो त्याच्या निम्मा हा वेग. शेजाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता आणि त्याखाली त्यांच्या मुलीने गोगलगाय काढली होती.

खरे काम नळ्यांचे. पावणेदोन इंच व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची पोलादी नळी. ती वाकविताना चेपता कामा नये, म्हणून यंत्राच्या खोबणीत बसवून हळूहळू, अंश मोजीत वाकवावी लागते. एक नळी दुसरीला जेथे भिडते तेथे तिच्या टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच पाडतात; ती खाच दुसरीच्या गोलाईवर इतकी बरोबर बसली पाहिजे की मध्ये नखही जाऊ नये. हे काम मुलगी करीत असे. खाच पाडावी, बसवून पाहावी, कानस मारावी, पुन्हा बसवावी. एका संध्याकाळी तीन खाचा झाल्या तर पुष्कळ. प्रत्येक चौकटीत तिरपी नळी घालून त्रिकोण करावयाचा, कारण चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. हे तत्त्व आमच्या गावच्या कैची घातलेल्या कौलारू छपरातही आहे. मी तिला वहीत छपराची कैची काढून दाखविली तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली.

मार्च अखेरीस पिंजरा उभा राहिला. त्या सुमारास एका रविवारी शेजारीणबाई गॅरेजच्या दारात आल्या. तोवर मी त्यांना तेथे पाहिले नव्हते. पुढे कळले की मागील साली शेजाऱ्यांची जुनी जीप एका उतारावर कलंडली होती. त्यांचा खांदा निखळला, डोक्याला टाके पडले, आणि पितापुत्रींनी ही नवी गाडी बांधावयास घेतली तेव्हापासून बाईंनी गॅरेजकडे पाठ फिरविली होती. मुलगीच गाडी हाकणार, हे आता घरात ठरले होते. बाईंचे म्हणणे थोडके होते. “मी थांबविणार नाही. पण ज्याने बांधले त्यानेच ठीक आहे म्हणावयाचे, हे मला चालणार नाही. दुसऱ्या कोणीतरी पाहिले पाहिजे.” आणि त्या माझ्याकडे पाहू लागल्या.

मी पाहुणा, परदेशी, शिवाय निवृत्त. नाही म्हणणे सोपे होते. परंतु तेहतीस वर्षांत माझे काम दुसरे कोणते होते? मी दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा, विजेरी, तारेचा ब्रश आणि खडू घेऊन गेलो.

जोड एकूण एकेचाळीस होते. जोड पाहणे म्हणजे तो चकचकीत दिसतो की नाही हे पाहणे नव्हे. वितळलेले पोलाद दोन्ही नळ्यांच्या अंगात उतरले आहे की नुसते वर बसले आहे, हे त्याच्या कडेवरून ओळखावे लागते. उतरले असेल तर कड नळीच्या पृष्ठभागाशी एकजीव होते; नुसते वर बसले असेल तर जोडाची रेघ दोरीसारखी उंच व गोल दिसते आणि कडेला बारीक चीर असल्यासारखी सावली पडते. मुलीने केलेले जोड मला एकामागून एक पसंत पडत गेले. तिचा हात बापापेक्षा स्थिर होता. प्रत्येक ठीक जोडावर मी खडूने छोटी फुली करीत गेलो. छत्तिसावा जोड चालकाच्या डोक्यामागचा. मागची मोठी कमान आणि तिरपी नळी जेथे मिळतात ती जागा अवघड, हात पोहोचावयाचा तर उताणे पडावे लागते. तेथील रेघ दोरीसारखी होती. मी आरसा फिरवून तीन वेळा पाहिले. शेजाऱ्यांनी तो जोड एका रात्री, दिवसभराचे काम उरकून आल्यावर केला होता, हे मला ठाऊक होते. मी कुंपणाशीच उभा होतो.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७८ साली, मी नोकरीत नवा असताना, एका गाडीच्या पुढील कमानपाट्याचा कंस वेल्ड करून आला. मला तो कच्चा वाटला. गाडी पहाटे साडेपाचला लागावयाची होती. माझ्याहून वडील माणसाने केलेले काम होते. मी शंका बोलून दाखविली नाही आणि तपासणीच्या कागदावर सही केली. नवव्या दिवशी घाटात तो कंस तुटला. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगास घातली म्हणून प्राण वाचले. परंतु वाहकाचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, कारण जोडाच्या आत पाहता येत नाही असा निर्वाळा मिळाला. पाहता येत नाही हे खरे. मला मात्र दिसले होते.

मी खडू खाली ठेवला आणि शेजाऱ्यांना बोलाविले. “हा मला पसंत नाही,” इतकेच म्हणालो. त्यांनी आरसा घेतला, पाहिले, आणि म्हणाले की आपल्याला तर तो ठीक दिसतो. स्वरात किंचित दुखावलेपण होते, आणि ते असणे स्वाभाविक होते; आपल्या अंगणात दुसऱ्याने येऊन आपली चूक दाखवावी हे कोणाला रुचेल? मला क्षणभर वाटले, आपणच चुकत असलो तर? वय झाले आहे, डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालेली आहे. पण ते बोलून मोकळे झाले नाहीत. काही न बोलता त्यांनी कापयंत्र उचलले आणि जोड मधोमध चिरला. कापलेल्या तोंडावर केसाएवढी काळी फट होती. पोलाद आत उतरलेच नव्हते.

ते बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कापलेला तुकडा स्वयंपाकघरात नेऊन पत्नीच्या पुढ्यात ठेवला. मी असतो तर मला ते धैर्य झाले नसते, असे वाटते. तिरपी नळी नव्याने कापून, नव्याने खाच पाडून बसवावी लागली. यात आठवडा गेला. या खेपेस जोड मुलीने केला, उताणी पडून, बापाने विजेरी धरून. उरलेले पाच जोड मी त्यानंतर पाहिले. ते ठीक होते.

एप्रिलमध्ये तारा, नळ्या, ब्रेक, आसने, पाच ठिकाणी बांधणारे पट्टे, आग विझविण्याचे नळकांडे, पुढे विंच. या भागाविषयी सांगण्याजोगे थोडे आहे. त्यात कटकट अधिक आणि कौतुक कमी. रंग द्यावयास वेळ उरला नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो: पुढे ट्रेलरवर बग्गी, मागे जावयाच्या मोटारीत मी, कन्या, नातू आणि शेजारीणबाई.

हमरस्ता सोडून सिस्कोपासून नदीकाठच्या वाटेने मोआबला जाता येते. सिस्को आज जवळजवळ ओसाड आहे. याच वस्तीत चार्ली स्टीन नावाचा टेक्ससचा भूवैज्ञानिक बायको व चार मुलांसह डांबरी कागदाच्या झोपडीत राहत होता. १९५२ साली त्याने मोआबच्या दक्षिणेकडे भोक पाडून काढलेला काळा दगड येथील पेट्रोलपंपावरच्या गायगर मापकापुढे धरला आणि मापकाचा काटा टोकाला गेला. तेवढ्याने मोआब हे फळबागांचे गाव युरेनियमची राजधानी झाले. त्या समृद्धीची शिल्लक पुढे नदीकाठी राहिली: युरेनियम काढून उरलेल्या गाळाचा एक प्रचंड ढीग, सुमारे एक कोटी साठ लाख टनांचा. तो रेल्वेने दूर हलविण्यास २००९ साली आरंभ झाला. सिस्कोनंतर वाट कोलोरॅडो नदीला येऊन मिळते. वाटेत ड्यूई येथे १९१६ सालचा झुलता पूल होता. २००८ मध्ये एका मुलाने काड्यांशी खेळताना लागलेल्या आगीत तो जळाला. आता दोर तेवढे उरले आहेत. दोन्ही बाजूंनी तांबडे कडे चढत जातात, आणि त्यांच्यामागे ला साल पर्वताची शिखरे, मे महिन्यातही बर्फाची. लाल, पांढरा आणि मधला निळा असे तीन रंग एका दृष्टिक्षेपात मावतात. नातवाने विचारले, “आजोबा, हे डोंगर कोणी भाजले का?” विटा भाजतात तसे, असे त्याला म्हणावयाचे होते. लोखंडाच्या गंजाचा हा रंग आहे हे मी त्याला सांगितले. मोठा झाल्यावर पटेल.

मोआबच्या पूर्वेस ‘सँड फ्लॅट्स’ नावाचे पठार आहे. तेथील खडक एके काळी वाळूच्या टेकड्या होता. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या त्या टेकड्या तशाच्या तशा दगड होऊन बसल्या आहेत. बारकाईने पाहिले तर वाऱ्याच्या तिरप्या रेघाही दिसतात. या खडकाला तिकडे ‘स्लिकरॉक’ म्हणजे निसरडा खडक म्हणतात, कारण घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत. रबराचे मात्र उलटे. मी तळहात टेकविला तर तो सुतारांच्या घासकागदासारखा लागला. शेजाऱ्यांनी टायरमधील हवा आठ पौंडांवर आणली. टायर पसरट होऊन दगडाला चिकटल्यासारखे दिसू लागले. इतक्या कमी हवेत टायर रिंगवरून निसटू नये म्हणून त्याची कड बोल्टांच्या कड्याने आवळलेली असते.

खडकांच्या मधल्या सपाटीवर काळसर, खडबडीत माती दिसते. ती तुडवू नये असे फलक जागोजागी आहेत, आणि ते उगीच नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या तंतूंनी वाळूचा कण न् कण तेथे विणलेला आहे. त्यामुळेच वाळवंटाची माती वाऱ्यावर उडून जात नाही आणि झुडपांना आधार मिळतो. एका चाकाची खूण भरून येण्यास दशके लागतात. म्हणून गाडीने खडकावर रंगाने काढलेल्या खुणा सोडावयाच्या नाहीत, हा येथील पहिला नियम. तरीही वाद आहेतच. केंद्र सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याने २०२३ साली मोआबच्या वायव्येकडील सुमारे ३१७ मैल वाटा मोटारींना बंद करण्याचा निर्णय दिला तेव्हा गाडीवाले खवळले आणि शांतता शोधीत येणारे सुखावले. शेजारी या प्रश्नावर मोठ्याने बोलत नाहीत. मला दोन्ही पक्ष पटले. यंत्राचा आवाज मला आवडतो. पण त्या दिवशी सकाळी इंजिन सुरू होण्यापूर्वी पठारावर जी शांतता होती तीही मी विसरलेलो नाही.

आमच्या वाटेचे नाव ‘हेल्स रिव्हेंज’, म्हणजे नरकाचा सूड. नावे ठेवण्यात ही मंडळी मागे नाहीत. आरंभीच खडकाची एक अरुंद पाठ वर चढते, दोन्ही अंगांना उतार. चालकाला पुढे आकाशावाचून काही दिसत नाही. मुलगी शिरस्त्राण घालून आसनावर बसली, बापाने पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि तो पुढे जाऊन उभा राहिला. या खेळात चालकाइतकेच महत्त्व समोरच्या माणसाला असते. चाके कोठे पडत आहेत हे चालकाला दिसत नाही. समोरचा हाताच्या खुणांनी सांगतो: थोडे डावीकडे, थांब, ये. मूठ मिटली की थांबावयाचे, मग काहीही असो. मी पाहत होतो ते पिंजऱ्याकडे. गाडी तिरपी झाली की वजन कोणत्या नळीवर गेले हे माझ्या नकळत माझे डोळे शोधीत होते.

ती पाठ सहज गेली. पुढले दोन तासही ठीक गेले. ताशी अडीच किलोमीटरांनी चालणारी गाडी पाहत बसणे कंटाळवाणे असेल, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात डोळा काढवत नाही. एक चाक पायरीवर चढते, टायर चेंबतो, स्प्रिंगा एका बाजूला मिटतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात, मधला पिंजरा मात्र जवळजवळ सपाट राहतो. आमच्याकडे बैल चढ चढताना पाय रोवतो ना, तसे ते चाक रोवले जाते.

दुपारी एका घळीत छातीइतकी पायरी लागली. पहिल्या दोन प्रयत्नांत गाडी मागे आली. तिसऱ्या वेळी पुढची चाके वर गेली, मागचे उजवे चाक एका खोबणीत उतरले आणि गाडी थबकली. बापाने मूठ मिटली. मुलगी थांबली, पण गाडी थांबली नाही. ती हळूहळू, अगदी हळूहळू, डाव्या अंगावर कलू लागली, आणि लोखंड दगडावर टेकल्याचा एक जाड आवाज झाला. शेजारीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझे मनगट धरले. त्या ओरडल्या नाहीत.

इंजिन बंद झाले. पिंजऱ्यातून मुलीचा अंगठा वर आला. शेजारी धावले नाहीत. आधी गाडी आणखी घरंगळत तर नाही ना हे त्यांनी पाहिले, मग चाकाखाली दगड लावले, आणि नंतर पट्टे सोडविले. मुलगी बाहेर आली ती कोपराला खरचटून आणि ओठ घट्ट मिटून. आईने तिला जवळ घेतले नाही. रुमालाने कोपर पुसले आणि पाण्याची बाटली दिली. विंचचा दोर वरच्या एका गाडीला बांधून बग्गी पुन्हा चार चाकांवर उभी केली. मागची एक आधारदांडी किंचित वाकली होती, एका टायरच्या बाजूला बोटभर चीर गेली होती. पिंजऱ्याचा डावा वरचा कोपरा दगडावर टेकला होता तेथे नळी खरवडली गेली होती; चेपली नव्हती. मी विजेरी घेऊन सगळे जोड पुन्हा पाहिले. वेळ लागला, मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, पण त्यातल्या एकानेही भोंगा वाजविला नाही.

मुलीने विचारले, “आजोबा?” मी ठीक आहे म्हणालो. ती बापाकडे वळली आणि पुन्हा बसू का, असे विचारू लागली. बापाने आईकडे पाहिले. बाई काही क्षण त्या पायरीकडे पाहत राहिल्या व म्हणाल्या, “उजवीकडून घे.” दोन तास त्यांनी हा खेळ किती लक्षपूर्वक पाहिला होता हे तेव्हा आम्हांला समजले. उजवीकडून गाडी चौथ्या खेपेस वर गेली.

परत येताना अंधार झाला. सिस्कोजवळ ट्रेलरचा दिवा गेला म्हणून थांबावे लागले. तार सैल झाली होती, पाच मिनिटांचे काम. घरी पोहोचल्यावर शेजाऱ्यांनी भिंतीवरील गोगलगाईखाली खडूने यादी लिहिली: आधारदांडी, टायर, ट्रेलरची तार, रंग. शेजारीणबाईंनी दांडीची किंमत विचारली. नवी घेण्याऐवजी घरीच जाड नळीची करावी, असे मी सुचविले, आणि त्यांनी मला विचारले की मी जूनच्या कोणत्या तारखेस परत जाणार आहे.